आढ्यवाताची कुळकथा

इ. स. १८८२ च्या उन्हाळ्यांत सोपाऱ्याच्या शिवारांतील एक टेकाड खणण्याचें काम चाललें होतें. गांवचे लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. हा बुरूड राजा कोण, हें मात्र कोणालाच सांगतां येत नव्हतें. खणतां खणतां तो कोट म्हणजे विटांचा एक स्तूप असल्याचें दिसून आलें. त्याच्या गाभ्यांत दगडी पेटी होती, पेटींत तांब्याचा करंडा होता, आणि त्या करंड्याच्या पोटांत रुपें, दगड, स्फटिक व सोनें यांचे करंडे एकांत एक बसविलेले होते. सोन्याचीं फुलें निघालीं, आठ लहान मूर्ति निघाल्या, यज्ञश्री सातकर्णीचें एक रुप्याचें नाणें निघालें. हें उत्खनन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्याच सुमारास भातेला तळ्याजवळ एक फुटका शिलाखंडही मिळाला. त्यावरील अक्षरें अशोकाच्या आठव्या धर्मलेखांतील होतीं. नवव्या लेखाचा तुकडा पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवांत हातीं लागला. बाकीचे लेख भूमीच्या पोटांत तरी आहेत, किंवा कोणाच्या घराच्या पायांत तरी गेले आहेत.

या न सांपडलेल्या लेखांपैकीं दुसरा लेख मोठा मनोवेधक आहे. भगवानलाल हे मूळचे जुनागडचे. गिरनारच्या पायथ्याची प्रसिद्ध शिला त्यांनीं लहानपणापासून पाहिलेली होती, आणि त्या शिलेवर हा दुसरा लेख वाचावयास मिळतो. माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन चिकित्सांची सोय आपण सर्वत्र केली आहे, आणि जेथें औषधी वनस्पति नव्हत्या तेथें त्या आणवून लावविल्या आहेत, असें राजा त्यांत सांगतो. सोपाऱ्यासही मूळ चौदा लेख कोरलेले असावेत, असाच विद्वानांचा तर्क आहे. माणूस आणि पशु यांची ही जोडी ध्यानांत ठेविलेली बरी. पुढें ती पुन्हां भेटणार आहे.

त्या काळचें सोपारा म्हणजे शूर्पारक, हें पश्चिम किनाऱ्यावरचें संपन्न बंदर होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथांत भडोचच्या दक्षिणेकडील पेठांमध्यें सोपाऱ्याचें नांव प्रथम येतें. भडोच बंदरांत इटलीचें, लाओडिसियाचें व अरबस्तानचें द्राक्षमद्य उतरत असे, असेंही तो सांगतो. सोपाऱ्याच्या कोणा सावकाराच्या पायाचा अंगठा मध्यरात्रीं सुजून लाल झाला काय, याची नोंद अर्थातच कोणी ठेविलेली नाहीं. पण मद्य, मासळी, तूप आणि गादी जेथें एकत्र नांदतात, तेथें एक विशिष्ट व्याधि पाठीमागून येतो, हें आमच्या प्राचीन वैद्यांच्या ध्यानांत आलें होतें. त्यांनीं त्याला नांवही मोठें मार्मिक दिलें : आढ्यवात. आढ्य म्हणजे धनवान.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वातरक्त या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे. खुड, वातबलास आणि आढ्यवात हीं त्या वातरक्ताचींच पर्यायनामें. कारणें सांगतांना चरक खारट, आंबट व क्षारयुक्त अन्न, पाण्यांतील प्राण्यांचें ओलें व सुकें मांस, कुळीथ, उडीद, ऊंस, दहीं, कांजी, सुरा आणि आसव यांची यादी देतो. जेवणावर जेवण, दिवसाची झोंप आणि रात्रीचें जागरण हींही तींत घालतो. हा विकार बहुतकरून कोणास होतो? तर नाजूक शरीराच्या, मिष्टान्नप्रिय आणि पायीं चालण्याची संवय नसलेल्या लोकांस. सुश्रुतानें आणखी एक गोष्ट टिपली आहे : हा रोग पायांत, क्वचित् हातांत, मूळ धरतो आणि उंदराच्या विषाप्रमाणें सावकाश सर्व देहभर पसरतो. वातरक्त म्हणजे आजच्या डॉक्टरांचा 'गाऊट', असें सरळ समीकरण मांडणें योग्य नाहीं. वातरक्ताच्या वर्णनांत त्वचेचे व इतर सांध्यांचेही विकार मिसळलेले आहेत. तथापि रोगाचा उगम रक्तांत आणि त्याचा उद्रेक पायांत, ही कल्पना त्यांत स्पष्ट आहे, आणि पुढील दीड-दोन हजार वर्षांच्या मानानें ती सामान्य नव्हे.

औषधांची कथा याहून चमत्कारिक आहे. सहाव्या शतकांत ट्रालिस गांवच्या अलेक्झांडर या ग्रीक वैद्यानें सांध्यांच्या या दुखण्यावर एक कंद वापरल्याचें लिहून ठेविलें. तोच कंद अरबी व इराणी हकिमांकडून 'सुरंजन' या नांवानें हिंदुस्थानांत आला. १८९० च्या सुमारास विल्यम डायमॉक आणि त्यांचे सहकारी यांनीं हिंदी औषधींवरील आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत मुंबईच्या बाजारांतील गोडें सुरंजन व कडू सुरंजन यांचें वर्णन आहे. कडू सुरंजनांतील गुणकारी द्रव्य तें कोल्चिसीन. त्या कुळांतील युरोपीय वनस्पतींतून तें १८२० सालीं पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं निराळें काढलें. आतां गंमत अशी, कीं इराणच्या वाटेनें आलेल्या या कंदाचें द्रव्य कोंकणांतल्या कुंपणावरही उगवत होतें. श्रावणांत लाल-पिवळ्या ज्वालेसारखीं फुलें मिरविणारी कळलावी हिच्या कंदांत आणि बियांत तेंच कोल्चिसीन भरपूर असतें. आयुर्वेदानें तिला उपविषांत घातलें तें योग्यच केलें. तिचा कंद खाऊन माणसें दगावलेलीं आहेत, आणि कोणत्याही घरगुती उपायांत तिला स्थान नाहीं.

कोल्चिसीन सुजेचा दाह शमवितें. पण ज्या पदार्थामुळें दाह होतो तो पदार्थ तें कमी करीत नाहीं. घर पेटलें असतां पाणी ओतावें, पण माळ्यावरचें गवत तसेंच राहावें, तसा हा प्रकार आहे. तें गवत कोणतें, हें कळावयास अठरावें शतक संपत यावें लागलें.

१७७६ सालीं शील या स्वीडिश औषधविक्रेत्या-रसायनज्ञानें मुतखड्याच्या पुडींतून एक नवें आम्ल काढलें. तेंच आजचें यूरिक ॲसिड. १७९७ सालीं वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें गाऊटच्या रोग्याच्या सांध्यावरील खडूसारख्या गांठींत त्याच आम्लाचा क्षार दाखविला. म्हणजे मुतखडा आणि अंगठ्याची सूज हीं एकाच घरचीं भावंडें ठरलीं. १८४८ मध्यें लंडनच्या आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरानें गाऊटच्या रोग्यांच्या रक्तांत तें प्रत्यक्ष पकडलें, आणि पुढें त्यासाठीं जी परीक्षा रूढ केली ती कोणत्याही गृहिणीला समजावी इतकी साधी होती. रक्तावरची निवळ घड्याळाच्या कांचेंत घ्यावयाची, तींत सिरक्याच्या आम्लाचे थेंब टाकावयाचे, तागाच्या कापडाचा एक धागा तींत सोडावयाचा, आणि एक-दोन दिवस तें पात्र हलवावयाचें नाहीं. रोगी गाऊटचा असेल तर खडीसाखरेच्या दोऱ्यावर खडे धरतात तसे त्या धाग्यावर यूरिक ॲसिडचे कण धरत. गॅरडनें आपल्या १८५९ च्या ग्रंथांत स्पष्ट विधान केलें, कीं हे कण सुजेमुळें सांचत नसून त्यांच्यामुळें सूज येते. हें त्याचें म्हणणें सूक्ष्मदर्शकाखालीं निर्विवाद सिद्ध होण्यास १९६१ साल उजाडलें. गाऊटच्या रोग्यांच्या मूत्रपिंडांत पांढऱ्या रेषा दिसतात, ही गोष्टही त्या काळच्या डॉक्टरांच्या परिचयाची झाली होती. सांध्याच्या दुखण्याचा मूत्रपिंडाशीं संबंध जुळला तो येथें.

हें सारें लंडनांत चाललें असतां मुंबई स्वस्थ बसलेली नव्हती. सोपाऱ्याचे संशोधक भगवानलाल हे ज्यांच्याकडे मुंबईस कामास होते, ते डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकीं. १८४५ सालीं निघालेल्या या कॉलेजांत १८५८ मध्यें शरीरशास्त्राचा अध्यापक म्हणून हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा सत्तावीस वर्षांचा तरुण आला. त्याचें नांव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्याचें काम जगांतील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यानें पाहिलेलें आहे. ग्रेच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्रांतील मूळ चित्रें या कार्टरचीं. तो ग्रंथ लंडनांत प्रसिद्ध झाला तेव्हां चित्रकार मुंबईत मुडदे चिरीत होता. कीर्ति ग्रेच्या वांट्यास गेली.

मुंबईत आल्यावर कार्टरच्या दृष्टीस कॉलेजच्या संग्रहालयांतील मुतखडे पडले. हिंदी रोग्यांच्या मूत्राशयांतून शस्त्रक्रियेनें काढलेले ते खडे त्यानें एकेक करून तपासले आणि त्यांचा वृत्तांत मुंबईच्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवृत्तांत छापला. पुढें १८६३ पासून कांहीं वर्षें तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. खड्यांचा नाद त्यानें सोडला नाहीं. खड्यांचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे, त्यांतील थर मोजावे, कण एकमेकांस कशानें चिकटतात याचा विचार करावा, असें त्याचें काम चाललें होतें. १८७३ सालीं लंडनांत त्याचा मुतखड्यांच्या सूक्ष्म रचनेवरील ग्रंथ निघाला. केवळ क्षार जास्त झाला म्हणून खडा होत नाहीं, तर शरीरांतील चिकट सेंद्रिय द्रव्य त्या कणांना सांधतें, असा त्याचा आग्रह होता. आजचे मूत्ररोगतज्ज्ञही खड्यांतील या सेंद्रिय सांगाड्याचा विचार करतातच.

या खड्यांनीं एक जुना समज मात्र मोडला. यूरिक ॲसिड म्हणजे श्रीमंताघरचा पाहुणा, अशी युरोपांत समजूत होती. लठ्ठ उमराव, पोर्ट मद्याचा पेला आणि पट्टी बांधलेला पाय हें तिकडील व्यंगचित्रकारांचें आवडतें चित्र. इकडे तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील सिंध प्रांतांत आणि पंजाबांत मूत्राशयाच्या खड्यानें तळमळणारीं मुलें बहुधा गरिबांचीं असत. त्यांच्या खड्यांत यूरिक ॲसिडचा अमोनियाक्षार सांपडे. पुढें कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं उंदरांना निकृष्ट धान्याहारावर ठेवून त्यांच्यांत असे खडे उत्पन्न केले. दूध नाहीं, दुभतें नाहीं, नुसती भाकरी; त्यामुळें मूत्रांतील समतोल बिघडतो. म्हणजे एकच पदार्थ अतिभोजनानें धन्याच्या अंगठ्यांत आणि अर्धपोटीं राहिल्यानें मजुराच्या लेकराच्या मूत्राशयांत! आढ्यवात या नांवांतली अर्धीच गोष्ट खरी होती.

आतां रक्तवाहिन्यांकडे वळावयाचें. येथेंही एका हिंदी कुळाचा संबंध येतो. पाटण्याचे शेख दीन महंमद विलायतेंत जाऊन ब्रायटन येथें चंपी व बाष्पस्नानाचा व्यवसाय करून नांवारूपास आले, हें पुष्कळांनीं वाचलेलें असेल. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद हा लंडनच्या गाय रुग्णालयांत डॉक्टर झाला. मनगटावरील नाडीचा आलेख काढणारें यंत्र त्यानें सुधारलें आणि १८७० नंतरच्या दशकांत एक विलक्षण गोष्ट दाखविली : मूत्रपिंडें बिघडल्याचीं लक्षणें दिसण्यापूर्वींच कित्येकांच्या रक्ताचा दाब वाढलेला असतो. दाब वाढण्याचें कारण रक्तांतील कांहीं विषारी द्रव्यें असावींत, आणि यूरिक ॲसिड हें त्यांपैकीं एक असावें, असा त्याचा तर्क होता. विषमज्वरानें तो १८८४ सालीं वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं वारला. आणखी तीस वर्षें जगता तर या विषयाचा इतिहास निराळा झाला असता, असें वाटल्याशिवाय राहत नाहीं.

कारण महंमदची सावध शंका अलेक्झांडर हेग या दुसऱ्या डॉक्टरानें हातीं घेतली आणि तिचा पंथ बनविला. हेगला स्वतःला अर्धशिशीचा त्रास होता. मांस सोडल्यावर तो कमी झाला. एवढ्यावरून त्यानें १८९२ सालीं मोठा ग्रंथ लिहून डोकेदुखी, रक्तदाब, उदासीनता असे निरनिराळे विकार यूरिक ॲसिडच्या माथीं मारले. मांसाबरोबर चहा, कॉफी आणि कडधान्येंही त्यानें वर्ज्य केलीं. त्याच्या पथ्याची कांहीं काळ मोठी चलती होती. पण इतर संशोधकांस त्याचे प्रयोग पडताळून पाहतां येईनात, तेव्हां सगळा डोलारा कोसळला आणि त्याच्याबरोबर महंमदचा मूळ तर्कही गाडला गेला. यूरिक ॲसिड पुन्हां अंगठ्यापुरतें राहिलें.

तें बाहेर आलें औषधामुळें. न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेंत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हीं दोघें रक्ताच्या कर्करोगावरील औषध शरीरांत अधिक वेळ टिकावें म्हणून एक द्रव्य वापरून पाहत होतीं. तें काम विशेष साधलें नाहीं. पण रोग्यांच्या मूत्रांतील यूरिक ॲसिड एकदम उतरलें. शरीरांत यूरिक ॲसिड तयार करणारा जो किण्वपदार्थ आहे, त्यालाच हें द्रव्य अडवीत होतें. ॲलोप्युरिनॉल या नांवानें १९६६ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली, आणि १९८८ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. माळ्यावरचें गवत हलविणारें औषध शेवटीं हातीं आलें.

औषध हातीं येतांच जुना प्रश्न पुन्हां उठला. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरांत यूरिक ॲसिडचें विघटन करणारा एक किण्व असतो. माणसाच्या व मोठ्या वानरांच्या पूर्वजांनीं तो सुमारें दीड कोटी वर्षांपूर्वीं गमावला. म्हणून आपल्या रक्तांत तें मुळांतच जास्त, आणि त्याच्या निचऱ्याचें दोन-तृतीयांश काम मूत्रपिंडांवर. १००  मिलिलिटर रक्तद्रवांत सुमारें ६.८ मिलिग्रॅमच्या पलीकडे त्याचा क्षार विरघळून राहत नाहीं. २००१ सालीं उंदरांमध्यें यूरिक ॲसिड मुद्दाम वाढवून पाहिलें, तेव्हां त्यांचा रक्तदाब वाढला आणि मूत्रपिंडांतील बारीक धमन्या जाड झाल्या. २००८ सालीं नुकताच रक्तदाब जडलेल्या तीस किशोरवयीन मुलांवर ॲलोप्युरिनॉलचा प्रयोग झाला. त्यांचा दाब उतरला. महंमदचा तर्क सव्वाशे वर्षांनीं खरा ठरतो कीं काय, असें वाटूं लागलें. ज्यांना कधीं गाऊट झालेला नाहीं अशांनाही हृदय व मूत्रपिंडें वांचविण्यासाठीं ही गोळी द्यावी, असें पुष्कळ डॉक्टर म्हणूं लागले.

येथें तर्कशास्त्रांतला एक जुना पेंच आहे. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाच्या रक्तांत यूरिक ॲसिड जास्त सांपडतें, हें खरें. पण त्यानें मूत्रपिंड बिघडविलें, कीं बिघडलेल्या मूत्रपिंडास तें बाहेर टाकतां आलें नाहीं? घटनास्थळीं सांपडलेला इसम चोर कीं साक्षीदार?

अशोकाच्या लेखांतली माणूस-पशूंची जोडी येथें आठवावी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हिंदुस्थानांतलीं गिधाडें पटापट मरूं लागलीं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनीं भरतपुरास हा ऱ्हास नोंदविला. मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांवरही गिधाडें दिसेनाशीं झालीं. मेलेलीं गिधाडें चिरून पाहिलीं तर त्यांच्या काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर पांढरें भुरकट पूट चढलेलें होतें. तें यूरिक ॲसिड. एखादा नवा विषाणु असावा, असा प्रथम संशय होता. पाकिस्तानांतील अभ्यासावरून २००४ सालीं खरा गुन्हेगार उजेडांत आला : डायक्लोफिनॅक. गुरांना दुखण्याखुपण्यावर हें वेदनाशामक टोंचीत. असें गुरूं मेलें आणि गिधाडानें तें खाल्लें, कीं गिधाडाचीं मूत्रपिंडें बंद पडत आणि न गेलेलें यूरिक ॲसिड अवयवांवर सांचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांत एकही धड उरलें नाहीं. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं तें औषध बंद केलें. येथें क्रम निर्विवाद होता. आधीं मूत्रपिंड गेलें, यूरिक ॲसिड मागून सांचलें. तें चोर नव्हतें, साक्षीदार होतें.

पक्ष्याचें शरीर आणि माणसाचें शरीर यांत अंतर आहे, म्हणून माणसांचा निकाल माणसांवरच लागावयास हवा होता. तो तीन मोठ्या चाचण्यांनीं लागला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मूत्रपिंडाचे ३६९ रोगी, ज्यांना गाऊट नव्हता, दोन वर्षें पाहिले. अर्ध्यांना ॲलोप्युरिनॉल, अर्ध्यांना नुसती खोटी गोळी. अमेरिकेच्या पुढाकारानें झालेल्या दुसऱ्या चाचणींत बालपणापासूनच्या प्रकारच्या मधुमेहाचे ५३० रोगी तीन वर्षें पाहिले. दोन्हींचे निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाले. यूरिक ॲसिड उतरलें. पण मूत्रपिंडांची घसरण दोन्ही गटांत सारख्याच वेगानें चालू राहिली. २०२२ सालीं ब्रिटनमधील हृदयरोगाच्या सुमारें ५,७०० वृद्ध रोग्यांचा निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत ११ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांत ११.३ टक्क्यांना हृदयविकार, पक्षाघात वा तत्सम मृत्यु. म्हणजे फरक नाहीं. ज्यांच्या जनुकांमुळेंच जन्मभर यूरिक ॲसिड चढें राहतें, अशांचा अभ्यास होऊन त्यांना गाऊट अधिक होतो, मूत्रपिंडाचा रोग त्यामुळें अधिक होतो असें नाहीं, हेंही पुढें आलें. मूत्रपिंडरोगाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं आपलें मत दिलें, कीं लक्षणें नसतांना केवळ मूत्रपिंडाचा ऱ्हास थांबविण्यासाठीं यूरिक ॲसिड उतरविण्याचीं औषधें देऊं नयेत.

आणखी एक उपकथा सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. यूरिक ॲसिड कमी केल्यानें जें साधलें नाहीं, तें त्याला हातही न लावणाऱ्या कोल्चिसीननें कांहीं अंशीं साधलें. २०१९ व २०२० सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज अर्ध्या मिलिग्रॅमनें हृदयविकाराचे झटके कमी झाले. २०२४ सालच्या तिसऱ्या, त्याहून मोठ्या चाचणींत तो लाभ दिसला नाहीं, म्हणून हा वाद अजून मिटलेला नाहीं. तथापि धमनींतला दाह हाही एक शत्रु आहे, हें त्यावरून दिसतें.

या साऱ्याचा नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळींत किंवा सोसायटींत राहणाऱ्या गृहस्थाशीं संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. विरारच्या गाडींतून रोज उभ्यानें जाणारा हा गृहस्थ आढ्य नाहीं. पण बसून काम, गोड पेयें, बिअर, वाढतें पोट आणि रक्तदाबावरच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या यांमुळें श्रीमंताचा रोग त्याच्या दारीं आला आहे. वर्षाकांठीं तो रक्त तपासून घेतो. अहवालावर यूरिक ॲसिडचा आंकडा ७.४ असा ठळक अक्षरांत छापून येतो, आणि घरांत घबराट होते. तुरीची डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. याच सुमारास कोणी शेजारी ॲलोप्युरिनॉलचें नांवही सांगतो.

डाळ-पालकाचा बळी निष्कारण आहे. अमेरिकेंतील ४७,००० हून अधिक पुरुषांना बारा वर्षें पाहून २००४ सालीं जो निष्कर्ष निघाला, त्याप्रमाणें मांस व मासळीनें गाऊट वाढला, दूध-दह्यानें कमी झाला, आणि कडधान्यें, पालक यांनीं मुळींच वाढला नाहीं. हेगचें भूत मात्र कडधान्यांच्या डब्यावर अजून बसलेलें आहे! वसईच्या किनाऱ्यावरील घरांत बांगडा, तारली, सुकट, जवळा हे पदार्थ वर्ज्य करा म्हणणें कठीण. पण ज्याला गाऊट झालेला आहे त्यानें ते आणि बिअर आवरावींच लागतात. चरकाच्या यादींतील पाण्यांतले ओले-सुके प्राणी आणि सुरा यांचा अर्थ आतां रसायनाच्या भाषेंत लागतो. दह्याच्या बाबतींत मात्र चरकाशीं मतभेद झाला आहे.

गोळीचें प्रकरण अधिक गंभीर आहे. ॲलोप्युरिनॉल बहुतेकांना सोसतें. पण क्वचित् एखाद्याच्या अंगाची कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येते. चिनी व थाई लोकांत अधिक आढळणाऱ्या एका विशिष्ट जनुकाशीं तिचा संबंध आहे, आणि मूत्रपिंडें अशक्त असतां एकदम मोठी मात्रा दिली तर तिचा धोका वाढतो. ज्याला कधीं सांधा दुखला नाहीं, मुतखडा झाला नाहीं, त्यानें नुसत्या ७.४ या आंकड्यासाठीं हा धोका पत्करावा काय? अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनीं २०२० सालीं याचें उत्तर सामान्यतः नकारार्थी दिलें. अशा माणसाचा रक्तदाब, साखर, वजन आणि मूत्रपिंडांची तपासणी यांकडे पाहावें. साक्षीदारानें दाखविलेल्या दिशेनें शोध घ्यावा.

उलट ज्याला खरोखर गाऊट आहे त्याची हयगय होते, ती दुसऱ्या टोकाची. अंगठा ठणकला, कीं तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून डायक्लोफिनॅकची पट्टी आणतो. पांच दिवसांनीं बरें वाटतें. दोन महिन्यांनीं पुन्हां पट्टी. माणूस गिधाडाइतका दुबळा नाहीं, आणि त्याच्यांत हें औषध निराळ्या रीतीनें मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आंखडतें. पण वर्षानुवर्षें, विशेषतः रक्तदाब व मधुमेह असतांना, तें मूत्रपिंडाची हानि करतेंच. गाऊटच्या रोग्याचें मूत्रपिंड वांचविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला या पट्टीची गरज पडूं न देणें, आणि तेथें ॲलोप्युरिनॉलचा अधिकार निर्विवाद आहे. वर्षांतून दोन किंवा अधिक झटके, कातडीखालीं गांठी, सांध्याची झीज, अथवा पहिल्याच झटक्याबरोबर मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार, अशांना तें द्यावें असें तज्ज्ञ सांगतात. यूरिक ॲसिडच्या मुतखड्यावर तर मूत्राची आंबटता कमी करणाऱ्या सायट्रेटनें खडा शस्त्राशिवाय विरघळूं शकतो. कार्टरच्या पेटींतील प्रत्येक खडा सुरीनेंच निघाला होता.

उपचार सुरू केल्यावर धीर लागतो. मात्रा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी अशी धरून, दर कांहीं आठवड्यांनीं रक्त तपासून, आंकडा ६ च्या खालीं येईपर्यंत ती वाढवीत न्यावी लागते. पहिल्या कांहीं महिन्यांत झटके कमी होण्याऐवजीं वाढतात; सांध्यांतले जुने कण सुटूं लागल्याची ती खूण असते. पुष्कळ रोगी नेमके याच वेळीं औषध सोडतात. म्हणून तीन ते सहा महिने कोल्चिसीनची लहान मात्रा जोडीला देतात. त्यानंतर झटके विरळ होतात, आणि वर्षा-दोन वर्षांत कानाच्या पाळीवरची खडूसारखी गांठ हातास लागेनाशी होते.